नळालाहि पाटकरी हवा

नदीकांठच्या गांवीं उपसा पाणीपुरवठ्याची योजना उभी राहूं लागली म्हणजे सभासदांत चर्चा होते ती पंपाच्या अश्वशक्तीची, नळाच्या व्यासाची व कर्जाच्या हप्त्यांची. नळावर जागोजाग बसवावयाच्या व्हॉल्व्हांविषयीं मात्र कोणी शब्दहि काढीत नाहीं. अंदाजपत्रकांत ते किरकोळ सामानांत पडतात, आणि वार्षिक सभेच्या हिशेबांत तर त्यांचें नांवहि दिसत नाहीं. आमच्या मतें ही चूक लहान नव्हे. व्हॉल्व्ह नीट बसविणें, ते नियमानें राखणें आणि त्यांचा अधिकार एकाच जबाबदार माणसाच्या हातीं देणें, या तीन गोष्टींवांचून उपसा योजना फार काळ नांदत नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एका संस्थेची हकीकत प्रथम सांगतों. चैत्र अखेरीस ऊस पाण्यावर आलेला असतां एका सभासदानें आपली पाळी संपतांच घरीं जाण्याच्या घाईंत व्हॉल्व्ह झपाट्यानें बंद केला. पंप चालूच होता. थोड्या अंतरावर नळाचा सांधा उखडला आणि दुरुस्तीस आठ दिवस लागले. तोंवर टोकाकडील सभासदांचा ऊस करपला. सभेंत सर्वांनीं ठेकेदारास दोष दिला; नळ हलका घातला असें ठरलें. वस्तुतः नळ चांगला होता, दोष घाईचा होता. आणि ज्यांचें नुकसान झालें, ते इतरांइतकीच पाणीपट्टी भरीत होते.

एवढ्याशा कृतीनें एवढा अनर्थ कसा होतो, हें समजून घेण्यासारखें आहे. नळांतून धांवणारें पाणी म्हणजे शेंकडों मण वजनाचा एक लांबलचक दांडाच होय. तो एकाएकीं अडविला कीं त्याचा सारा जोर नळाच्या अंगावर येतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनीं १८९७-९८ सालीं मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून या आघाताचा नियम बसविला. त्यानुसार पोलादी नळांत सेकंदास १ मीटर वेगानें वाहणारें पाणी एकदम थांबविलें, तर दाब सुमारें १०० मीटर उंच पाण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरास १० किलो, वाढतो. पीव्हीसी नळ थोडा ताणला जात असल्यामुळें त्यांत ही वाढ सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. परंतु शेतांतील पुष्कळ नळ मुळांत ४ किंवा ६ किलो दाबाचेच असतात, आणि पंपाचा दाब त्यांवर आधींच असतो. नळ जितका लांब, तितका व्हॉल्व्ह सावकाश फिरविला पाहिजे. त्यांतहि स्लुइस व्हॉल्व्हाचें पान बरेंच खालीं आलें तरी पाणी फारसें कमी होत नाहीं. शेवटच्या कांहीं फेऱ्यांतच तें अडतें. म्हणून ते शेवटचे फेरेच सर्वांत धीरानें द्यावेत.

आतां बसविण्याविषयीं. फूटव्हॉल्व्ह उन्हाळ्यांतील सर्वांत खालच्या पातळीच्याहि खालीं, परंतु तळाच्या गाळापासून वर असावा. पंपापुढें प्रथम नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह व त्यानंतर स्लुइस व्हॉल्व्ह, हाच क्रम ठेवावा. म्हणजे पुढचें पाणी अडवून मागचा व्हॉल्व्ह खोलतां येतो. अंगावरील बाणाची दिशा पाण्याच्या दिशेशीं जुळते कीं नाहीं, हें बोल्ट आवळण्यापूर्वीं पाहावें. दोन तोंडें एकमेकांशीं नीट मिळत नसतील तर बोल्टांच्या जोरावर नळ ओढून आणूं नये. तसा ओढलेला सांधा पहिल्या धक्क्यास गळूं लागतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. बिडाचा जड व्हॉल्व्ह पीव्हीसी नळावर लोंबत ठेवूं नये. त्याखालीं काँक्रीटचा ओटा हवाच. नळाच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागीं गाळ काढण्याचा वॉशआऊट ठेवावा.

एअर व्हॉल्व्हाविषयीं एक विशेष तक्रार आहे. त्यांतून पाणी गळूं लागलें कीं कोणी तरी लांकडी खुंटी ठोकून तो कायमचा बंद करतो. मग नळ भरतांना हवा आंत अडकून पाणी अडखळतें, आणि नळ रिकामा होतांना हवा आंत न शिरल्यानें पातळ नळ चेपण्याचेंहि भय असतें. गळतीचें कारण बहुधा आंतील गोळ्याखालीं बसलेली रेती हेंच असतें. खालचा कॉक बंद करून ती धुऊन काढणें हें अर्ध्या तासाचें काम आहे.

राखणीचे नियमहि थोडेच आहेत. दर सहा महिन्यांनीं प्रत्येक स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून पुन्हां उघडावा; वर्षानुवर्षें न फिरविलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळीं फिरत नाहीं. पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागें घ्यावा, म्हणजे तो जाम होत नाहीं. पाणी कमी करण्यासाठीं त्यास अर्धवट उघडा ठेवूं नये. पान थरथरून बैठक झिजते. ग्लँडमधून पाणी ठिबकूं लागल्यास नट थोडेसेच आवळावेत, आणि तेवढ्यानें न भागल्यास दोरी बदलावी. पंप सुरू करतांना पुढचा व्हॉल्व्ह मिटलेला असावा व तो हळूहळू उघडावा; बंद करतांना आधीं व्हॉल्व्ह मिटवून मग बटण दाबावें. वीज अकस्मात् गेली तर हें करण्यास अवकाशच मिळत नाहीं. त्या वेळीं नॉन-रिटर्न व्हॉल्व्हावरच सर्व भार पडतो. म्हणून पावसाळ्यानंतर तो उघडून पाहिल्याशिवाय हंगाम सुरू करूं नये.

हे नियम कोणास ठाऊक नाहींत असें नाहीं. परंतु जें काम सर्वांचें, तें कोणाचेंच नसतें. धुळें जिल्ह्यांतील पांझरेकांठच्या फड पद्धतींत पाणी देण्यास पाटकरी आणि पिकें राखण्यास जागल्या असे. पाटाचें पाणी बाऱ्यावर आलें म्हणून प्रत्येकानें उठून बारें फोडावें, अशी मोकळीक तेथें नव्हती. मातीच्या पाटासाठीं जें शहाणपण आपल्या पूर्वजांनीं दाखविलें, तें लाखों रुपयांच्या नळासाठीं आपण कां दाखवूं नये?

कोणी म्हणतील, आणखी एक पगार संस्थेस कसा झेपेल? त्यांस आमचें उत्तर असें कीं, एका फुटलेल्या सांध्यानें बुडालेल्या उसाची किंमत मांडून पाहावी आणि मग पगाराचा आंकडा तिच्याशेजारीं लिहावा. संस्था लहान असेल तर पंपचालकासच हें काम द्यावें. मात्र त्यास तें शिकवावें, पाना त्याच्याच हातीं ठेवावा, चेंबरांस झांकणें व कुलपें लावावीं, आणि प्रत्येक व्हॉल्व्हाची तारीखवार नोंद असलेली वही वार्षिक सभेपुढें वाचून दाखविण्याचा ठराव करावा. जो सभासद स्वतः व्हॉल्व्ह फिरवील, तो कितीहि मोठा असो, त्यास दंड व्हावा.

येत्या सभेंत वाचकांनीं आपल्या संस्थेच्या चालकांस एवढेंच विचारावें: आपल्या नळावर व्हॉल्व्ह किती, आणि त्यांपैकीं शेवटचा कोणीं व केव्हां फिरविला? उत्तर मिळालें नाहीं, तर कामास कोठून आरंभ करावयाचा हें आपोआप कळेल.