‘शुड’ म्हणजे सक्ती की सल्ला?

इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहितात. त्यातल्या २११९ क्रमांकानं १९९७ मध्ये अर्थ बांधून दिले: ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तरच सूट, ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. पण हेच शब्द लहान अक्षरांत आले तर? दोन कंपन्यांनी दोन अर्थ लावले, की यंत्रांचं आपसात जमायचं कसं? शेवटी २०१७ मध्ये ८१७४ नं सांगितलं, सगळी अक्षरं कॅपिटल असतील तरच हे अर्थ. वीस वर्षं लागली!

माझ्यातल्या मास्तराला हा उपाय अर्धाच वाटतो. देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? आमच्या भिवंडीत ‘पाणी उकळून प्यावे’ अशी पाटी लागली, तर ती सक्ती की सल्ला? आपलं कॅपिटल म्हणजे ‘च’. ‘प्यायलेच पाहिजे’ किंवा ‘प्यायल्यास बरे’, असं स्पष्ट लिहावं. छे, लिहिलंच पाहिजे.