मुळाला हात लावण्यापूर्वी प्रतीवर तपासा!

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्यानंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. या पत्रांचे जे अंक आपल्या माणसांनी पत्र्याच्या ट्रंकेत, घराच्या माळ्यावर जिवापाड जपले, तेवढेच आज समाजाला वाचावयास मिळतात. जे वाळवीने खाल्ले, रद्दीत गेले, ते कायमचे गेले. आपला इतिहास जपण्याची प्रस्थापितांना गरज वाटली नाही आणि आपल्याकडे साधने नव्हती. आज साधने आहेत. मग आज आपले दस्तऐवज कोण नष्ट करीत आहे? उत्तर कटू आहे. आपणच! आणि तेही एका बटणाने.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठी वृत्तपत्रे व वाहिन्या बराच काळ गप्प होत्या. आपल्या लोकांनी ई-मेल व इंटरनेटच्या माध्यमातून ती बातमी दूरवर पोहोचविली. त्या काळापासून चळवळीतील अनेक संस्थांनी वेबसाईट काढल्या. परिषदांची भाषणे, मोर्चांची छायाचित्रे, अत्याचाराच्या प्रकरणांच्या नोंदी त्यावर साठत गेल्या. हा आपला आजचा माळा आहे.

आमच्या परिचयाच्या एका संस्थेची अशीच वेबसाईट होती. १४ एप्रिल तोंडावर आला होता. वेबसाईटचे सॉफ्टवेअर जुने झाल्याच्या सूचना रोज दिसत होत्या. संगणक शिकलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने जयंतीपूर्वी सर्व काही अद्ययावत करावे म्हणून एका रात्रीत सगळी अपग्रेडची बटणे दाबली. सकाळी वेबसाईटच्या जागी कोरे पांढरे पान! खटपट करून ती पुन्हा उभी केली, तर मराठी मजकुराच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे. बॅकअप होता, पण तो त्याच सर्व्हरवर आणि तोही अर्धवट. दुसरा एका पदाधिकाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये, तीन वर्षांपूर्वीचा. मधल्या तीन वर्षांच्या प्रकरणांच्या नोंदी गेल्या.

आम्ही त्या तरुणाला दोष देत नाही. संस्थेचे कायदेशीर सल्लागार म्हणून 'बॅकअप आहे ना?' असे आम्हीच विचारले होते. 'आहे' हे उत्तर ऐकून आम्ही समाधान मानले. न्यायालयात ऐकीव पुराव्यावर आम्ही कडाडून हरकत घेतो. येथे मात्र ऐकीव गोष्टीवर तीन वर्षांचे रेकॉर्ड सोडून दिले. तथागत बुद्धांनी कालामांना काय सांगितले? ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका. धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि पाहा असे सांगणारा आहे. बॅकअपलाही हाच नियम लावला पाहिजे. जो बॅकअप उघडून, चालवून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हेच.

आपली माणसे अडाणी म्हणून असे घडते, असा कुणी समज करून घेऊ नये. संगणकाच्या प्रोग्रामचे भांडार सांभाळणाऱ्या 'गिटलॅब' या नामांकित कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील मूळ डेटाबेस पुसून टाकला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, पण वेळेला एकही नीट कामी आली नाही. रोजचा बॅकअप तर सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तसे कळविणारे ई-मेलही कुणाला पोहोचत नव्हते. शेवटी कंपनीला कुणी वाचविले? त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी चाचणीसाठी काढलेल्या एका प्रतीने! त्या सहा तासांचे काम मात्र गेले. चाचणी प्रतीचे महत्त्व यापेक्षा वेगळे काय सांगावे?

काहीजण म्हणतील, मग अपग्रेडच करू नये. हे चूक आहे. अनेक वेबसाईट ज्या 'पीएचपी' भाषेवर चालतात, तिच्या पाचव्या आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती २०१८ च्या अखेरीस बंद झाली, सातवीची नोव्हेंबर २०२२ मध्ये. जुन्या सॉफ्टवेअरची छिद्रे घुसखोरांना ठाऊक असतात. आपल्या वेबसाईटवर टपून बसलेल्यांची संख्या कमी नाही. बदल करावाच लागेल. प्रश्न इतकाच की, तो प्रथम कशावर करायचा?

मूळ वेबसाईटवर नव्हे, तर तिच्या प्रतीवर. वेबसाईटचे दोन भाग असतात. एक फाईली, म्हणजे छायाचित्रे व प्रोग्राम. दुसरा डेटाबेस, म्हणजे सगळा मजकूर. दोन्हींची प्रत घ्यावी आणि ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. त्या प्रतीवरून दुसऱ्या पत्त्यावर किंवा घरच्या संगणकावर हुबेहूब वेबसाईट उभी करावी. ती उभी राहिली, तर आपला बॅकअप खरा असल्याचे तिथेच सिद्ध होते. मग तिच्यावर एकेक अपग्रेड करावे, म्हणजे कशाने बिघडले ते कळते. मराठी अक्षरे व जोडाक्षरे नीट दिसतात का, जुनी छायाचित्रे उघडतात का, शोध चालतो का, अर्ज भरता येतो का, हे पाहावे. हे काम एकट्या संगणकवाल्यावर सोडू नये. ज्यांनी त्या नोंदी केल्या, त्या जुन्या कार्यकर्त्यांना व महिला मंडळाच्या भगिनींना शेजारी बसवावे. काय हरवले, हे त्यांनाच प्रथम कळेल.

सर्व ठीक दिसले की मूळ वेबसाईटचा त्याच दिवशीचा ताजा बॅकअप घ्यावा आणि तपासलेला बदल तिथे करावा. चाचणीची प्रतच उचलून मूळ वेबसाईटवर टाकू नये. मधल्या काळात मूळ ठिकाणी आलेल्या नोंदी त्यात पुसल्या जातील. आणि १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या दिवसांच्या आदल्या रात्री तर हे काम मुळीच करू नये.

वकील म्हणून दोन गोष्टी बजावून सांगतो. चाचणीची प्रत ही खऱ्या माणसांच्या माहितीची प्रत आहे. तिला पासवर्डचे कुलूप हवे आणि तिच्यातून कुणाला ई-मेल जाता कामा नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-ए मध्ये पीडितांच्या व साक्षीदारांच्या संरक्षणाची तरतूद आहे. त्यांची नावे आपल्याच निष्काळजीपणाने उघड्यावर पडली, तर आपण कोणत्या तोंडाने न्याय मागणार? दुसरे असे की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र लागते. नोंदच उरली नाही, तर प्रमाणपत्र कशाचे देणार?

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने संविधानाचा मसुदा तयार केला आणि दुसऱ्या दिवशी देशाला लागू केला, असे झाले नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर झाला, लोकांपुढे ठेवला गेला. त्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. कलमनिहाय चर्चेनंतर २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. जे कोट्यवधींच्या आयुष्याला लागू व्हायचे, ते आधी मसुद्यावर घासून पाहावे, ही त्यांची कार्यपद्धती होती. त्यांच्या अनुयायांना वेबसाईटपुरतीही ती पाळता येऊ नये काय?

म्हणून आमची सर्व संस्था, विहार समित्या व कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. 'बॅकअप आहे का?' असे विचारू नका. 'दाखवा, आमच्यासमोर उघडून दाखवा' असे म्हणा. उघडला तर निश्चिंत व्हा; नाही उघडला तर त्याच दिवशी नवा घ्या. आपल्या आजोबांनी ट्रंकेत अंक जपले, तेव्हा त्यांना संगणक माहीत नव्हता. मूळ प्रत एकच आहे आणि ती गेली तर पुन्हा मिळणार नाही, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

जयभीम!