खुराडं नक्की कुणासाठी?

परवा चिपळूणजवळ आत्याकडे जाऊन आलो. गेल्या मे महिन्यात तिच्या चार कोंबड्या एकाच दुपारी मेल्या. रोगबिग काही नाही, नुसता उकाडा. आणि ते पत्र्याचं खुराडं मीच ऑनलाइन बघून पाठवलेलं! दिसायला झकास, लाल छपराचं... पण वारा जाणार कुठून?

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर काढते. कोंदट, दमट हवेत तेही नीट जमत नाही. त्यात खाली शिट ओली राहिली की अमोनिया. म्हणून जाळी वर हवी, वळचणीखाली, समोरासमोर दोन बाजूंना. बसायच्या दांडीपेक्षा उंच असली की पावसाळी वारा थेट अंगावर येत नाही. (जाळी अर्ध्या इंची वेल्डमेशच घ्या. ती बारीक तारेची षटकोनी जाळी मुंगसापुढे टिकत नाही.)

पण माझा खरा राग दारावर आहे. हातभर दार! आत्याची साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. ती वाकून आतला कोपरा खरवडणार कशी? आणि मी फोनवर शहाणपणा शिकवायचो, "आत्या, साफ ठेवत जा गं." च्यायला, डिझाइन आपलं आणि बोलणी युजरला!

आता नवीन खुराड्यात उभ्याने आत जाता येईल. अंडी बाहेरूनच, झाकण उघडून काढायची. सुतार हसला, "कोंबड्यांना खोली बांधताय काय?"

आत्या म्हणाली, "बांध तू. आणि दार माझ्या उंचीचं कर, ह्याच्या नको."