पाकिटावरची वांगी पाकिटात!

‘अगं, वांगं काय मुद्दाम लावायचं असतं? ते येतंच!’ इति आमची आई. फोनवरून. पुण्यातल्या गॅलरीत, जिथे तेलाच्या जुन्या डब्यात तिची दोन वांग्याची झाडं कुणी लक्ष न देता बारा महिने डोलत असतात, तिथे उभी राहून.

मी तेव्हा लीड्समध्ये होते. उत्तर इंग्लंड. जुलैची दुपार असूनही बाहेर जेमतेम २० अंश, अंगात स्वेटर, आणि समोर कुंडीत एक वीतभर उंचीचं रोपटं, जे माझ्यापेक्षाही जास्त गारठलेलं दिसत होतं.

तर मंडळी, या वेळचा विषय वांगं. हसू नका! तुमच्यातल्या निम्म्यांना कधी ना कधी ऑनसाइट जायचंय, उरलेल्यांचा कुणी ना कुणी भाऊ, वहिनी, मैत्रीण तिकडे आहेच. आणि तिकडे गेल्यावर सहा महिन्यांत प्रत्येकाला दोन गोष्टींची हुक्की येते. एक, मराठी मंडळाच्या नाटकात काम करायची आणि दोन, घराच्या मागे काहीतरी ‘आपलं’ लावायची. नाटकाचं तुमचं तुम्ही बघा. वांग्याचं मी सांगते, कारण मी एकदा साफ नापास झालेय आणि एकदा बऱ्यापैकी पास.

नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही दोन वर्षांसाठी तिकडे गेलो. म्हणजे कागदावर दोन. प्रत्यक्षात आधी एक, आणि मग ‘एक्स्टेन्शन मिळालं तर’ दुसरं. हे ‘तर’ ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पडदे घ्यायचे? थांब, एक्स्टेन्शनचं कळू दे. लायब्ररीचं कार्ड काढायचं? कळू दे. मी फ्रीलान्स करणारी, लॅपटॉप उघडला की माझं ऑफिस सुरू. पण नवीन काम मागायला कुणाला मेल टाकायची म्हटलं तरी मनात तेच, कळू दे.

फेब्रुवारीत एका दुकानात बियांचं पाकीट दिसलं. वर काळंभोर, चकचकीत वांगं. खाली नाव ‘ऑबर्जिन’. (हा शब्द मूळचा आपलाच बरं का! संस्कृत ‘वातिंगण’ फारसीत गेला, तिथून अरबी, मग कॅटलन, मग फ्रेंच, असा फिरत फिरत इंग्लंडला पोचला. व्हिसा-बिसा काही नाही.) पाकीट घेतलं. पण पेरलं नाही. का? कळू दे!

एप्रिलच्या मध्यावर कळलं. एक वर्ष वाढलं. त्या संध्याकाळी मी आनंदाने बारा बिया पेरल्या. आपला साधा हिशेब, थंडी सरली, फुलं फुलली, आता लावायला हरकत नाही.

इथेच माती खाल्ली!

वांग्याच्या बीला उन्हाळा दिसत नाही, मातीची ऊब कळते. ती २५ ते ३० अंशांच्या आसपास असेल तर आठ-दहा दिवसांत अंकुर वर येतो. आमच्या खिडकीतली माती सोळा-सतरा अंशांची असावी. तीन आठवडे काहीच नाही, मग बारांतली तीन वर आली. ती रांगत रांगत वाढली आणि ऑगस्टच्या शेवटी त्यांना फुलं आली. इतकी सुंदर जांभळी फुलं! मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. आठवडाभरात एकेक फूल देठापासून पिवळं पडून गळलं. रात्री ८-९ अंशांवर उतरल्या होत्या, आणि एवढ्या गारठ्यात परागकण नीट तयार होत नाहीत. फूल येतं, फळ धरत नाही. सप्टेंबरअखेर माझ्याकडे तीन देखणी झाडं होती आणि वांगी शून्य.

‘पुराणातली वांगी पुराणात’ म्हणतात, माझी पाकिटावरची पाकिटातच राहिली.

शेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे. कुंपणापलीकडून ते माझा हा कार्यक्रम सबंध उन्हाळा बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, पेरलंस कधी? मी म्हटलं, एप्रिलमध्ये. ते काही बोलले नाहीत, फक्त बोटांवर महिने मोजून दाखवले. उलटे. सप्टेंबरच्या शेवटी रात्री दहा अंशांच्या खाली जातात, म्हणजे दुकान बंद. त्याआधी फळ भरायला महिना-दीड महिना. त्याआधी फूल. त्याआधी झाड. बोट येऊन थांबलं ते फेब्रुवारीवर. ‘इथे वांग्याला उशीर चालत नाही,’ एवढंच म्हणाले.

आपल्याकडे वाफ्यात रोप लावलं की दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. हंगाम चुकला तर पुढचा असतोच. तिकडे बी ते वांगं हा सहा महिन्यांचा प्रवास, आणि त्यातले पहिले तीन महिने बाहेर थंडी. म्हणजे उन्हाळा येईपर्यंत तुम्ही त्याला उसना उन्हाळा द्यायचा. बास, सगळा फंडा एवढाच. खत, पाणी, प्रेम वगैरे नंतर.

दुसरं वर्ष. पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा तेच ‘तर’. प्रोजेक्ट जुलैत संपणार की पुढे जाणार, कुणालाच माहीत नाही. नवरा म्हणाला, ‘अगं, ऑगस्टमध्ये आपण इथे असू की नाही याचाच पत्ता नाही!’ बरोबर होतं त्याचं. पण एप्रिलमध्ये उत्तर येईपर्यंत थांबलं की काय होतं, ते मी बघितलं होतं. १२ फेब्रुवारीला बिया पेरल्या. आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात चार संपादकांना मेलही टाकल्या. दोन उत्तरं आली.

या वेळी जात बदलली, लवकर फळणारी आणि लहान फळांची घेतली. आईचा आग्रह होता की मांजरी गोट्याचं बी बॅगेत टाकून ने. तिला नाही म्हटलं. एक तर लागवडीचं बी असं परदेशात नेताना रोगराईच्या नियमांखाली प्रमाणपत्र लागतं. आणि आपल्या उन्हाची सवय असलेल्या वांग्याला तिकडच्या खिडकीत बसवणं म्हणजे छळच.

बियांचा ट्रे ठेवला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जिथे तिकडे लोक टॉवेल वाळवतात. अंकुर फुटेपर्यंत उजेड लागत नाही, ऊब लागते. नवव्या दिवशी हिरवे आकडे वर आले. बारांतले नऊ! त्याच दिवशी ट्रे दक्षिणेकडच्या खिडकीत, कारण अंधारात आणखी दोन दिवस राहिले तर रोपं दोऱ्यासारखी लांबतात. मागे स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल लावलेला पुठ्ठा, म्हणजे उजेड दोन्ही बाजूंनी.

आणि एक चूक जी मी होता होता टाळली. रात्री पडदा ओढला की काच आणि पडदा यांच्यामध्ये फ्रीज तयार होतो! रोपं त्या फ्रीजमध्ये राहतात आणि आपण अलीकडे हीटर लावून मजेत. रोज रात्री नऊ कुंड्या टेबलावर, सकाळी परत खिडकीत. तीन महिने. नवरा त्यांना ‘नाइट शिफ्ट’ म्हणायचा.

मेअखेर थंडी खरोखर हटल्यावर त्यांना परसदारी नेलं. एकदम नाही. आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ बाहेर, रात्री आत. मग पाच दणकट झाडं मोठ्या कुंड्यांत लावून प्लॅस्टिकच्या कपाटाएवढ्या ग्रीनहाउसमध्ये. बाकीची चार आजोबांकडे. झाड फूटभर झाल्यावर शेंडा खुडला, तेव्हा ते बाजूंनी फुटलं. जूनच्या शेवटी पहिलं फूल.

आता ग्रीनहाउस म्हणजे ऊब, पण बंद दार म्हणजे भुंगे बाहेर. वांग्याच्या फुलात परागकण बारीक नळीत असतात, भुंग्याच्या गुणगुणण्याने फूल थरथरतं तेव्हा ते झडतात. म्हणून दुपारी चेन उघडायची आणि शिवाय रोज फुलांना बोटाने हलकी टिचकी मारायची. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन फुलांना टिचक्या मारणारी बाई, अशी माझी गल्लीत ओळख झाली.

१५ ऑगस्टच्या आसपास पहिलं वांगं काढलं. मुठीएवढं. गाजावाजा करत आजीला फोन लावला.

‘अगं, चातुर्मास चाललाय! आत्ता वांगं?’

खरंच की! आमच्याकडे कांदेनवमीला वांगं बंद होतं ते थेट चंपाषष्ठीच्या भरतापर्यंत. मी म्हटलं, ‘आजी, इथे ते चातुर्मासातच येतं गं. चंपाषष्ठीपर्यंत थांबले तर झाडच मरेल.’

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, ‘मग खा. तेल जरा सढळ घाल.’

भरीत केलं. गॅस नाही, म्हणून ओव्हनच्या ग्रिलखाली भाजलं, तर धुराचा अलार्म अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा बोंबलला. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, त्याच्या आसपासही माझं वांगं नव्हतं. पण भाकरीबरोबर आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता जेवलो.

सप्टेंबरअखेरपर्यंत पाच झाडांनी सतरा वांगी दिली. पैशांचा हिशेब विचारू नका. तिकडच्या सुपरमार्केटमध्ये स्पेन-हॉलंडची वांगी वर्षभर मिळतात आणि त्यांत माझ्या कुंड्यासुद्धा वसूल होत नाहीत.

प्रोजेक्ट वाढला, पण फक्त सप्टेंबरपर्यंत. आम्ही परत आलो. शेवटच्या दिवशी झाडांवर दोन छोटी वांगी होती, ती झाडांसकट आजोबांच्या ताब्यात दिली. आता पुण्यात आईच्या डब्यातली वांगी बघते तेव्हा तिचं म्हणणं पटतं. इथे ते येतंच. तिकडे मात्र आपण असू की नसू हे कळायच्या आधी पेरावं लागतं.

तिकडच्या मंडळींना फॉरवर्ड करा

• पेरणी फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला. एप्रिलमध्ये आठवण झाली तर बी नको, नर्सरीतलं तयार रोप आणा.

• लवकर फळणारी, लहान फळांची जात घ्या.

• अंकुर फुटेपर्यंत ऊब, फुटल्याक्षणी उजेड. रात्री पडद्याच्या अलीकडे.

• रात्री १० अंशांच्या वर स्थिरावल्याशिवाय बाहेर मुक्काम नाही.

• फळं धरू लागली की टोमॅटोचं द्रव खत, साधारण दहा दिवसांनी एकदा.

• पानांखाली बारीक जाळी दिसली की लाल कोळी आला समजा. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून पानांवर खालून पाण्याचा फवारा.

• एका झाडावर चार-पाच फळं पुरे. बाकीची फुलं खुडा. जीव कासावीस होतो, पण खुडा.

• साल चकाकत असतानाच काढा. चमक गेली की आत बिया आणि कडवटपणा.