स्नो ब्लोअर: पेट्रोलचा की बॅटरीचा?

कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा करून बागकामाच्या यंत्रांच्या नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर 2024 पासून निर्बंध आणले. मिनेसोटात तसा नियम नाही, पण आमच्या गल्लीत वाद तोच. (इथे 'गॅस' म्हणजे आपलं पेट्रोल बरं का, सिलिंडर नव्हे.)

आधी हिशोब. 56 व्होल्ट, 7.5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण 0.4 युनिट वीज. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा. इंजिनाने पाऊण हिस्सा उष्णतेत घालवला तरी दोनेक युनिट हाती उरतात. त्यात लिथियम-आयन थंडीत मंदावते, अगदी तुमच्या फोनसारखी.

तरी मी बॅटरीचाच घेतला. जुन्या मशीनमध्ये उन्हाळाभर पेट्रोल तसंच राहिलं, कार्ब्युरेटर चिकटला आणि पहिल्याच बर्फात ऑफिस बुडालं. शिवाय गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो, आणि घरात तान्हं बाळ आहे. माझा ड्राइव्हवे दोन गाड्यांपुरता, वीस मिनिटांत साफ. फक्त रस्ता साफ करणारा ट्रक तोंडाशी जो ओला, दगडासारखा ढीग लोटून जातो, तिथे बॅटरी धापा टाकते. तेवढं फावड्याने उरकतो.

ड्राइव्हवे लांबलचक असेल तर पेट्रोलचाच घ्या. बॅटरीचा घेतलात तर बॅटरी घरात आणून चार्ज करा, शून्याखाली नको.