आईच्या सहीआधी

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



कफ परेडच्या मच्छीमार नगरातून हे पत्र लिहिते आहे, पाळी चुकलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींबद्दल.

अशी मुलगी आधी मित्राला सांगते. तो तिच्याच वयाचा, तिच्याइतकाच घाबरलेला. मेडिकलमधून कसलीतरी गोळी आणून देतो. किती आठवडे झाले, रक्तस्राव थांबला नाही तर काय करायचं, दोघांनाही ठाऊक नसतं. डॉक्टरकडे गेलं तर घरी कळणार, मग मार, कॉलेज बंद, घाईचं लग्न. त्यात 2012 चा पॉक्सो कायदा अठराखालच्या मुलीची संमती मानत नाही आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. जबरदस्ती असेल, थोराड माणूस असेल, तर कायदा कठोरच हवा. पण इथे मुलीला वाटतं, माझ्या तोंडून निघालं तर तो तुरुंगात जाईल. म्हणून ती गप्प राहते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये एक वाट करून दिली. अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर गर्भपाताच्या वेळी पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव सांगायची गरज नाही. पण विनंतीला पालक हवा आणि गर्भपाताच्या लेखी संमतीलाही पालकच हवा. ज्या घरात पाळीचाही विषय निघत नाही, तिथली मुलगी आईची सही कुठल्या तोंडाने मागणार? आई-लेकीचं हे बोलणं घरगुती बाब म्हणून सोडून देऊ नका. ते आपल्या आरोग्य खात्याचं काम आहे.

र. धों. कर्व्यांनी याच मुंबईत 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. आज किशोरवयीनांसाठी सरकारी मैत्री क्लिनिकं आहेत, पण तिथे मुलामुलींनी जायचं असतं. आयांकडे कोण जातं? आमच्या बायका पहाटे ससून डॉकला जातात, मग बाजारात बसतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी, वस्तीतच बैठका घ्या. न्यायालयाने दिलेली ही सवलत त्यांना मराठीत समजावून सांगा. मुलग्यांनाही बसवा, निरोधाबद्दल स्पष्ट बोला. बापांसाठी जून-जुलैची मासेमारी बंदी आहेच, तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात.

येत्या जूनपासून ए विभागाने सुरुवात करावी, ही विनंती. बायकांना गोळा करायचं काम आमच्याकडे.

आपली,
मच्छीमार नगरातील एक आई