सुनेची सुट्टी कोण मंजूर करणार?

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करणारी सून दोन दिवस माहेरी जाते म्हणाली, की घरातून प्रश्न येतो, "मग अण्णांचं कोण बघणार?" प्रश्न रास्त आहे. तो एकट्या तिलाच विचारला जातो, हा अन्याय आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. त्या व्याख्येत सून नाही. तरी दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री उठते ती तीच.

परक्या हातांनी आपल्या माणसाचं करवणं म्हणजे जबाबदारी झटकणं, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण महिनोन्महिने सलग झोप न मिळालेल्या बाईकडून गोळी दुबार दिली जाते, घाईत भरवताना ठसका लागतो. तिला विसावा मिळण्यात रुग्णाचंही हित आहे.

"मग आठवडाभर शुश्रूषा केंद्रात ठेवा," असंही कोणी सुचवतं. काहींना ते मानवतं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र नव्या जागी जास्त बावरतो, रात्री उठून दार शोधू लागतो. त्याच्यासाठी खोली तीच ठेवून माणूस बदलणं बरं.

"नर्सिंग ब्युरोच्या मावशीला काय कळतंय?" या आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या दिवशी तिला काहीच कळत नाही. म्हणून गरज पडण्याआधीच तिला बोलवावं. दोन-तीन दिवस तिने सुनेबरोबर काम करावं. औषधांच्या वेळा, कोणती बाजू लुळी, पाणी पातळ चालतं की घट्ट करून, अण्णा चिडले की कशाने शांत होतात, डॉक्टरांचा नंबर, हे सगळं कागदावर लिहून भिंतीला लावावं. आधी एक दुपार, मग एक रात्र, मग दोन दिवस. नाकात नळी असेल तर मात्र प्रशिक्षित सिस्टरच हवी.

पैशांची अडचण खरी आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत विसाव्याची सोय आहे, पण ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरती. अण्णा तिच्यात बसत नाहीत. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा काही रक्कम मिळते. महाराष्ट्रातही शुश्रूषा करणाऱ्यांना अशी मदत मिळायला हवी. तोवर व्हिडिओ कॉलवर अण्णांची चौकशी करणाऱ्या लेकी-लेकांनी मावशीच्या पगारातला आपला वाटा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाठवावा. ज्यांना पैसे झेपत नाहीत, त्यांनी महिन्यातला एक शनिवार-रविवार येऊन अण्णांजवळ राहावं.